औषध म्हणून विष विकता, मग विषावरचे औषध कुठे आहे?



आपण दुकानात जातो आणि म्हणतो, "पऱ्हाटीवर मावा पडलाय, औषध द्या." दुकानदार बाटली काढून देतो. मोनोक्रोटोफॉस असो, प्रोफेनोफॉस असो, आपल्या बोलीत सगळ्याला एकच नाव, औषध. पंप पाठीवर घेतलेला माणूस बांधावर कोसळतो तेव्हा त्या औषधाचे खरे नाव कळते. मग बैलगाडी, मोटरसायकल, जीप, मिळेल त्या वाहनाने आपण दवाखाना गाठतो. तिथे उत्तर मिळते, "इथे सोय नाही, पुढे न्या." विष खेड्यातल्या दुकानात रोख आणि उधार, दोन्ही मिळते. विषावरचा उतारा मात्र तालुक्याच्या गावी खात्रीने मिळत नाही. आमचे भांडण याच्याशी आहे.

हे पत्रक जिल्ह्याजिल्ह्याच्या बैठकांत वाचले जाते, पण लिहिले आहे मुळशीत. मुळशीत कपाशी नाही. इथे भात आहे, नाचणी आहे आणि टाटांच्या धरणाखाली गेलेल्या जमिनींची आठवण आहे. १९२१ साली इथल्या मावळ्यांनी त्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, सेनापती बापट त्यात उतरले. विदर्भ-मराठवाड्यातला, सोलापूर-नगरच्या ज्वारीपट्ट्यातला शेतकरी विचारील, की मुळशीत बसून आमच्या फवारणीची उठाठेव कशाला? कारण असे. आपले आजार कोणी ओळखू शकत नाही, त्यांवर खेड्यात उपचारच होऊ शकत नाहीत, असे आपल्याला सांगितले जाते. ते साफ खोटे आहे हे सिद्ध करणारी दोन ठिकाणे मुळशीच्या दोन अंगांना आहेत. ताम्हिणी घाट उतरून माणगावला गेले की पुढे महाड. आणि याच पुणे जिल्ह्याच्या पूर्वेच्या दुष्काळी टोकाला बारामती.

महाडने काय दाखवले

कोकणात लाल विंचू चावून माणसे मरत होती. पोरे तर फारच. अंग घामाने थबथबायचे, हातपाय गार पडायचे, हृदय थकायचे, फुप्फुसात पाणी भरायचे आणि माणूस जायचा. लोक म्हणत, विंचू उतरला नाही. १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखल झाले. मूळचे जालना जिल्ह्यातल्या कोरडवाहू गावचे. त्यांनी खाटेशेजारी बसून रुग्ण पाहिले, नोंदी ठेवल्या, आणि विंचवाचे विष हृदयावर आणि रक्तदाबावर काय करते ते ओळखले. प्राझोसिन नावाची रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी त्यांनी वापरली. १९८६ साली ते काम 'लॅन्सेट' या इंग्लंडच्या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आले. गंभीर रुग्णांतले शेकडा तीसच्या घरातले मृत्यू शेकडा चारच्याही खाली आले. २०२२ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली.

ही महाडची आरती नव्हे. यातून घ्यायचा धडा असा, की जीवघेणा आजार ओळखायला आधी मुंबई लागत नाही. डोळे उघडे असलेला डॉक्टर, नोंदवही आणि योग्य गोळी लागते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. फवारणीच्या विषबाधेत जीव वाचवणारे अॅट्रोपिन विंचूदंशात दिले तर आधीच पळणाऱ्या हृदयाला आणखी पळवते. दोन्हीकडे घाम, दोन्हीकडे छातीत पाणी, पण एकाचा उतारा दुसऱ्याला घातक. म्हणून आजार ओळखणे हीच अर्धी लढाई आहे, आणि ती लढाई पहिल्या दवाखान्यातच लढली जाते.

बारामतीने काय दाखवले

कपाशीवरची बरीच जुनी कीटकनाशके ऑरगॅनोफॉस्फरस गटातली आहेत. ती शरीरात काय करतात ते शेतकऱ्याच्या भाषेत सांगतो. मज्जातंतू स्नायूला निरोप देतो म्हणजे पाटाचे दार उघडतो. काम झाले की दार बंद करणारा एक पाटकरी शरीरात असतो. त्याचे नाव कोलिनएस्टेरेज. हे विष त्या पाटकऱ्यालाच बांधून टाकते. मग दार उघडे ते उघडेच. डोळ्यांतून, नाकातोंडातून, फुप्फुसातून पाणी सुटते. स्नायू आधी फडफडतात, मग थकून लुळे पडतात. श्वास घेण्याचे कामही स्नायूच करतात. ते थांबले की माणूस संपला.

उपचारात तीन गोष्टी लागतात. पहिली अॅट्रोपिन. ते सुटलेले पाणी आवरते. दुसरी प्रालिडॉक्झिम, ज्याला दवाखान्यात 'पॅम' म्हणतात. ते बांधलेल्या पाटकऱ्याची गाठ सोडवते, पण गाठ पक्की होण्याआधी मिळाले तरच. तिसरी गोष्ट व्हेंटिलेटर, म्हणजे स्नायू परत जागे होईपर्यंत श्वास चालवणारे यंत्र, आणि ते यंत्र रात्रंदिवस सांभाळणारी माणसे.

बारामतीच्या गिरिराज हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी या विषबाधेचे २०० रुग्ण घेऊन 'पॅम' कसे द्यावे याची रीतसर चाचणी केली. सगळ्यांना सुरुवातीला २ ग्रॅम दिले. मग निम्म्यांना दर चार तासांनी एकेक ग्रॅम, निम्म्यांना ४८ तास सलग, तासाला एक ग्रॅम. पहिल्या गटात शेकडा ८ दगावले, दुसऱ्या गटात शेकडा १. २००६ साली हेही 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. पुढे २००९ साली श्रीलंकेत झालेल्या चाचणीत 'पॅम'चा असा फायदा दिसला नाही. म्हणून डॉक्टरमंडळींत आजही वाद आहे. तो वाद त्यांनी करावा. आपण त्यातून घ्यायचे ते असे: बारामतीचे रुग्ण लवकर पोचले होते, त्यांना अतिदक्षता विभागात खाट मिळाली होती, श्वास थांबल्यावर यंत्र मिळाले होते. हे सारे मिळाले तर तालुक्याच्या गावातही शंभरातले नव्वदाहून अधिक जगतात. हे परदेशात घडलेले नाही. ऊस-ज्वारीच्या बारामतीत घडले आहे.

मग यवतमाळात माणसे का मेली?

यवतमाळचा हिशेब

२०१७ चा खरीप आठवा. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती. बीटी वाण बोंडअळीला दाद देईनासे झाले होते. वरून मावा, तुडतुडे, पांढरी माशी. एकाच टाकीत दोन-दोन, तीन-तीन विषे मिसळून, उंच पिकात, दमट उन्हात, पिकाच्या अंगावर नव्हे तर स्वतःच्या तोंडावर फवारा घेत माणसे दिवसामागून दिवस फिरत होती. यवतमाळ जिल्ह्यात २० च्या वर शेतकरी आणि शेतमजूर मेले. शेकडो दवाखान्यात दाखल झाले. काहींची नजर काही काळ गेली. सरकारने अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमले.

त्या वेळी यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात रक्तातले कोलिनएस्टेरेज तपासण्याची सोय नव्हती. कपाशीचा जिल्हा, वर्षानुवर्षे फवारणीचे रुग्ण, आणि पाटकरी बांधला गेला आहे की नाही हे सांगणारी तपासणीच नाही! साखर कारखान्यात वजनकाटा नसावा तशी ही गोष्ट.

कोणी म्हणेल, उपचार तपासणीसाठी थांबत नाही. खरे आहे. डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, तोंडाला फेस, अंगाला घाम, छातीत खरखर, नाडी मंद, दंडाचे-पोटऱ्यांचे स्नायू फडफडतात, एवढे दिसले की डॉक्टरने अॅट्रोपिन सुरू केलेच पाहिजे. मग तपासणी कशाला? तीन कारणांसाठी. कोणत्या गटाचे विष आहे हे पक्के करायला. रुग्ण खरोखर सुधारतो आहे का हे पाहायला. आणि तिसरे, कागदासाठी. ज्याच्या कागदावर "विषबाधेचा संशय" एवढेच लिहिले आहे त्याच्या बायकोने मदतीसाठी किती उंबरे झिजवायचे?

गाडीची नळी कुठे गळते हे न पाहता इंजिन खोलणारा मिस्त्री आपण ठेवत नाही. माणसाच्या बाबतीत मात्र चालवून घेतो. फवारणीहून आलेला मजूर उलट्या करतो, त्याला हगवण समजून सलाईन लावतात. आकडी आली तर फेफरे म्हणतात. वैशाखात पडला तर ऊन लागले म्हणतात. ज्वारीच्या राखणीला जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीने उठतो, पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही, आणि कुठे सूज नाही, दाताचा व्रण नाही. तो मण्यारीचा दंश असू शकतो. त्याला प्रतिसर्पविष आणि व्हेंटिलेटर लागतो, पण त्यालाही पोटदुखीची गोळी देऊन घरी धाडले जाते. मण्यारीत बाहुली मोठी, फवारणीच्या विषात बारीक. एवढा फरक ओळखायला विजेरी पुरते.

चौथ्या दिवसाचा दगा

हा भाग बैठकीत दोनदा वाचा. फवारणीची विषबाधा झालेला माणूस पहिल्या दिवशी उपचाराने शुद्धीवर येतो. बोलतो, चहा मागतो. घरचे म्हणतात, बरा झाला. खाटा कमी असतात, दवाखानाही म्हणतो, न्या घरी. आणि मग एक ते चार दिवसांच्या आत त्याला मान उचलता येईनाशी होते, खांदे-मांड्या लुळ्या पडतात, श्वास उथळ होतो. १९८७ साली श्रीलंकेच्या डॉक्टरांनी या अवस्थेचे वर्णन जगापुढे ठेवले. यात अॅट्रोपिन चालत नाही, व्हेंटिलेटरच लागतो. काही दिवस यंत्रावर ठेवले तर माणूस उठून बसतो. घरी असला तर झोपेतच जातो.

म्हणून नियम करा. विषबाधेच्या रुग्णाला चार दिवस पुरे होईपर्यंत घरी आणायचे नाही. रोज सकाळ-संध्याकाळ त्याला उताणा झोपवून उशीवरून डोके उचलायला सांगायचे. डोके उचलत नसेल तर त्याच क्षणी डॉक्टरला बोलवायचे. याला ना पैसा लागतो ना डिग्री.

बाटलीचे नाव का हवे

आम्ही शेतकी कॉलेजातून शिकून आलो. तिथे विषाची तीव्रता शिकवतात. किती मिलिग्रॅम विषाने प्रयोगातले निम्मे उंदीर मरतात यावरून बाटलीवर त्रिकोण ठरतो. लाल म्हणजे अति जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. परीक्षेत हे सगळे विचारतात. माणूस पडला तर त्याच्या शरीरात काय होते आणि त्याला कुठे न्यायचे, हे विचारत नाहीत. आणि तेच पदवीधर पुढे कृषी अधिकारी होतात, कंपनीचे प्रतिनिधी होतात, कृषी सेवा केंद्र चालवतात.

त्रिकोण उंदराच्या पोटात गेलेल्या एका विषाचा हिशेब सांगतो. आठ दिवस कातडीतून आणि श्वासातून गेलेल्या तीन विषांच्या मिश्रणाचा हिशेब सांगत नाही. मोनोक्रोटोफॉस लाल त्रिकोणाचे. प्रोफेनोफॉस त्याहून सौम्य समजले जाते, पण त्याची गाठ लवकर पक्की होते आणि तिथे 'पॅम' फारसे उपयोगी पडत नाही. डायफेंथियुरॉन तर या गटातलेच नाही, त्याला विशिष्ट उताराच नाही. ज्वारीच्या कोठारात ठेवतात ती अॅल्युमिनियम फॉस्फाईडची गोळी दमट हवेत विषारी वायू सोडते. त्यालाही उतारा नाही, अतिदक्षता विभागात हृदय आणि रक्तदाब सांभाळत बसणे एवढेच हाती राहते. ती गोळी घातलेल्या धान्याच्या खोलीत लेकराबाळांना झोपवू नका, आणि खरे तर ती प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीशिवाय विकण्यालाच बंदी आहे. म्हणून रुग्णाबरोबर बाटली, डबा, पत्रक, जे असेल ते दवाखान्यात न्या. दोन-तीन मिसळली असतील तर सगळ्या न्या. बाटली हाच पहिला पुरावा आणि पहिले निदान.

दवाखान्यात नेईपर्यंत काय करायचे तेही लिहून ठेवा. माणसाला शेताबाहेर मोकळ्या हवेत आणा. कपडे पूर्ण काढा, साबण आणि भरपूर पाण्याने अंग, केस, नखे धुवा. धुणाऱ्याने हाताला प्लास्टिकची पिशवी बांधावी. कुशीवर झोपवा. ओकारी काढायला लावू नका. दूध, तूप, मिठाचे पाणी पाजू नका. १०८ ला फोन करा, आणि फोनवरच सांगा की विषबाधा आहे, श्वास लागतो आहे.

"किट का घातले नाही?"

प्रत्येक मृत्यूनंतर एकच प्रश्न विचारला जातो. साहेब विचारतात, कंपनीवाले विचारतात, शहरातले शहाणे विचारतात. मजुराने तोंडाला फडके का बांधले? हातमोजे, चष्मा, अंगरखा का नाही घातला? आमचा उलटा सवाल आहे. सप्टेंबरच्या दमट उन्हात रबरी अंगरखा घालून दिवसभर पंधरा लिटरचा पंप पाठीवर वागवून दाखवा. जे विष वापरायला असला पोशाख लागतो आणि ज्या हवेत तो पोशाख घालता येत नाही, त्या हवेत ते विष विकायची परवानगी दिली कोणी? सांगणाऱ्याने पोशाख द्यावा, घालता येईल असा द्यावा, नाहीतर विष मागे घ्यावे. पाणी वाहून आणणाऱ्या, टाकी ढवळणाऱ्या बाईच्या अंगावर तर साडीशिवाय काहीच नसते. तिची नोंद 'फवारणी करणारी' म्हणूनही होत नाही.

दुसरा डाग लावतात तो आत्महत्येचा. औषध पोटात गेले म्हणजे पोलीस केस, आणि पोलीस केस म्हणून घरचे बाटली लपवतात, खोटे सांगतात, वेळ घालवतात. सरळ सांगतो. कर्जाच्या ओझ्याखाली ज्याने घोट घेतला तोही आपलाच भाऊ आहे, त्यालाही तीच खाट, तेच अॅट्रोपिन, तेच यंत्र लागते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसाला शिक्षा नव्हे तर उपचार आणि आधार द्यायला सांगितले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने ३०९ कलम राहिलेले नाही. तेव्हा भिऊ नका, डॉक्टरला खरे सांगा. खरे सांगितल्याने तुरुंग नाही, जीव मिळतो.

आणि "आधी पोलिसांचा कागद आणा" म्हणणाऱ्या दवाखान्याला १९८९ चा सर्वोच्च न्यायालयाचा परमानंद कटारा खटल्यातला निकाल ऐकवा. डॉक्टर सरकारी असो की खासगी, जीव वाचवणे आधी, कागद नंतर. १९९६ चा दुसरा निकाल तर शेतमजुरांच्या संघटनेनेच मिळवलेला आहे. पश्चिम बंगालच्या खेत मजदूर समितीने तो खटला लढवला. गाडीतून पडलेल्या जखमी मजुराला एकामागून एक सरकारी दवाखान्यांनी खाट नाही म्हणून परत लावले होते. न्यायालयाने सांगितले, हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे, आणि पैसा नाही ही सबब सरकारला सांगता येणार नाही. हा निकाल आपल्यासारख्यांनी मिळवला, आणि आपल्यालाच तो माहीत नाही!

हात चालतात, पण कोणासाठी?

२०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या बाजूला, म्हणजे मुळशीला लागून असलेल्या हवेली तालुक्यात, गुलियन बॅरे नावाच्या दुर्मीळ आजाराची साथ आली. हातपाय लुळे पडायचे, काहींचा श्वास थांबायचा. २०० च्या वर रुग्ण झाले. काही दिवसांत राष्ट्रीय विषाणू संस्थेने नमुने तपासले, पाण्यातून येणाऱ्या जंतूचा माग लागला, केंद्राचे पथक आले, मोफत उपचार जाहीर झाले, यंत्रावर गेलेली माणसे परतून घरी आली. चांगले झाले. त्यातली पुष्कळ माणसे आपल्यासारखीच कष्टकरी. आम्हाला त्याचा हेवा नाही. पण एक सिद्ध झाले. सरकारने मनावर घेतले तर दुर्मीळ आजारही आठवड्यात ओळखता येतो आणि महागडा उपचार मोफत देता येतो. मग दर खरिपाला येणारी, कारण माहीत असलेली, स्वस्तातला उतारा असलेली विषबाधा यवतमाळात, अकोल्यात, जालन्यात का आवरत नाही?

मुळशीतच पाहा. एका टोकाला हिंजवडी, तिथून काही मैलांवर मोठमोठे अतिदक्षता विभाग. दुसऱ्या टोकाला ताम्हिणीकडची गावे, पावसाळ्यात दरड कोसळली की रस्ता बंद. तालुका एकच. श्वास थांबल्यावर मिळणारी मिनिटे मात्र सारखी नाहीत.

आमच्यातलेच काही म्हणतात, शेतकऱ्याच्या चळवळीने भावाचे बोलावे, दवाखान्याचे कशाला? भावाचे बोलूच, सोडणार नाही. पण कापसाला भाव मिळेपर्यंत कापूस पिकवणारा जगला पाहिजे ना? आणि एका अतिदक्षता विभागाचे आठ दिवसांचे बिल तीन हंगामांचा कापूस खाऊन जाते, तेव्हा हा भावाचाच प्रश्न नाही का?

विष मागे घेता येते

१९५८ साली केरळात विष मिसळलेल्या धान्याने शंभरावर माणसे मेली, तेव्हा कुठे १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. २०१३ साली बिहारमध्ये शाळेच्या जेवणात मोनोक्रोटोफॉस गेले आणि २३ लेकरे मेली. त्याच विषावर २००५ पासून भाजीपाल्यासाठी मनाई होती, पण बाटली दुकानात होतीच. २०२३ साली केंद्राने त्याच्या ३६ टक्के द्रावणाची नोंदणी रद्द करण्याचा आदेश काढला. शेजारच्या श्रीलंकेने मोनोक्रोटोफॉससकट जहाल विषे १९९५ मध्येच बंद केली. तिथे पुढच्या काळात आत्महत्यांचे प्रमाण निम्म्याहून खाली आले आणि पिकाचे उत्पन्न काही बुडाले नाही. आपल्याला १९९५ चे शहाणपण २०२३ मध्ये आले. मधल्या २८ वर्षांचा हिशेब कोण देणार?

आमच्या मागण्या

जिल्हा बैठकीत पुढील ठराव करून जिल्हाधिकारी, जिल्हा शल्यचिकित्सक आणि जिल्हा कृषी अधीक्षक यांच्या टेबलावर ठेवायचे आहेत.

१. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात जुलै ते डिसेंबर अॅट्रोपिनचा पुरेसा साठा. पुरेसा म्हणजे किती ते मोजून सांगतो. एका अँप्युलमध्ये ०.६ मिलिग्रॅम असते. गंभीर रुग्णाला सुरुवातीला ३ अँप्युल, मग छाती मोकळी होईपर्यंत दर पाच मिनिटांनी दुप्पट, म्हणजे ६, १२, २४. पंधरा मिनिटांत एका माणसाला ४५ अँप्युल लागू शकतात. कपाटात दहा अँप्युल ठेवून "साठा आहे" असे लिहिणे ही फसवणूक आहे.

२. कपाशीच्या प्रत्येक जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात कोलिनएस्टेरेजची तपासणी, चोवीस तास आणि मोफत. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत ही विषे हाताळणाऱ्यांचे रक्त तपासण्याची तरतूद आहेच. ती कारखान्याच्या कागदापुरती न ठेवता रोजाने फवारणाऱ्या मजुरापर्यंत आणा.

३. कोरोनाच्या काळात, २०२०-२१ मध्ये, जिल्ह्याजिल्ह्यात व्हेंटिलेटर आले. त्यांतले किती चालू आहेत, किती खोक्यात आहेत, ते चालवायला रात्रपाळीला कोण आहे, याची यादी रुग्णालयाच्या दारावर लावा.

४. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत फवारणीच्या विषबाधेने मृत्यू झाला तर शेतकरी कुटुंबाला २ लाख रुपये मिळतात. ज्याच्या नावावर सातबारा नाही त्या मजुराला काय? विष सातबारा पाहून अंगात शिरत नाही. मजुरालाही तीच मदत द्या.

५. बाटलीवर मराठीत, वाचता येईल अशा अक्षरात, विषाचा गट, लक्षणे आणि उतारा. ज्या विषाला उतारा नाही त्यावर "उतारा नाही" असे ठळक छापा, आणि अशी विषे कपाशीवर वापरू देणे थांबवा.

हे सरकारने करायचे. आपण करायचे ते वेगळे. प्रत्येक गावाने दोन माणसे नेमावीत. त्यांनी या पंधरवड्यात आपल्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन तीनच प्रश्न विचारावेत. आज कपाटात अॅट्रोपिनचे किती अँप्युल आहेत? रात्री दोन वाजता श्वास थांबलेला रुग्ण आला तर यंत्र कोण लावणार? कोलिनएस्टेरेजचे रक्त कुठे पाठवता आणि उत्तर किती तासांनी येते? तोंडी उत्तर मिळाले नाही तर माहितीच्या अधिकारात, २००५ च्या कायद्याने, लेखी मागा. आलेली उत्तरे पुढच्या बैठकीला घेऊन या. गावाचे नाव, तारीख, आकडा, एवढेच लिहा. पुढच्या पत्रकात आम्ही ती यादी जशीच्या तशी छापू.

फवारणीचा हंगाम तोंडावर आला की दुकाने भरतात. या वेळी दवाखान्याचे कपाटही भरलेले असले पाहिजे, आणि ते भरले आहे का हे आपण स्वतः उघडून पाहिले पाहिजे.